अप्पांनी शिकवलेला दिवा

एकाहत्तर साली मी घर सोडलं ते अप्पांच्या लॉरीतून. मागे शेंगांची पोती, पुढे केबिनमध्ये अप्पा, आई म्हणजे आमची अव्वा, आणि मांडीवर नवी सूटकेस घेतलेला मी. मंद्रूपहून सोलापूर स्टेशनापर्यंत अव्वा पदराने सूटकेसवरची धूळ पुसत राहिली. मी मात्र नको ते बोललो. स्टेशन दिसायला लागल्यावर मी म्हणालो, "अप्पा, गाडी हितंच बाजूला घ्या, पुढं गर्दी असंल." गर्दीबिर्दी काही नव्हती. विलायतेला निघालेला मुलगा पोत्यांच्या गाडीतून उतरताना कुणी बघू नये, एवढंच माझ्या मनात होतं. अप्पांनी गाडी बाजूला घेतली. "तितं गाडी हाकलास तर सावकास हाक," म्हणाले आणि सूटकेस स्वतःच्या डोक्यावर घेऊन फलाटापर्यंत आले.

लेस्टरमध्ये मला बसडेपोच्या वर्कशॉपात काम मिळालं. आयुष्य इंजिनाच्या तेलात गेलेलं, त्यामुळे वाटलं होतं की बाकी काही नाही तरी गाड्यांची भाषा आपल्याला येते. बॉनेट तेवढं ओळखीचं निघालं. डिकीला तिथे बूट म्हणत. चौकात मधोमध गवताचं गोल बेट, त्याला राउंडअबाउट. प्रत्येक गाडीच्या काचेवर टॅक्सची गोल चकती. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी, म्हणजे टायरच्या नक्षीपासून ब्रेकपर्यंत सगळी तपासणी. अप्पांची एमओटी रोज सकाळी व्हायची. टायरवर हातोडी मारून कान लावायचा, दिवे पुसायचे, बॉनेटला विभूतीची तीन बोटं ओढायची आणि निघायचं. झेब्रा क्रॉसिंगला तर पहिल्या आठवड्यात माझी फजितीच झाली. मी कडेला उभा, मोटार थांबलेली, ड्रायव्हर हाताने मला "या" म्हणतोय आणि मी हाताने त्याला "जा" म्हणतोय. आमच्याकडे गाडीवाल्याला थांबवून पुढे जाणं म्हणजे आगाऊपणा.

गाडी चालवायला मला अप्पांनीच शिकवलं होतं, आणि शिकवण्याची जागा होती वडकबाळचा पूल. सीनेवरचा अरुंद पूल, एका वेळी एकच लॉरी जायची. लांबूनच दिवा मारायचा, ही रीत. माझं वय अठरा, अंगात मस्ती. दिवा मारला की पूल आपला, असं समजून मी रेस दाबायचो. अप्पा गुडघ्यावर चापट मारायचे. "दिवा म्हंजे तू थांब न्हवं, अन् तू ये बी न्हवं. दिवा म्हंजे निस्तं, मी हाय. म्होरचा काय करतोय ते बघ, तवर पाय ब्रेकवर." हे मी शंभरदा ऐकलं असेल. ऐकलं म्हणजे कानावर पडलं.

वर्ष भरायच्या आत मी जुनी मोटार घेतली. सोलापूरच्या परवान्यावर पहिलं वर्षभर चालवता येत असे, पुढे तिथली परीक्षा द्यावी लागे. परवाना साफ असेल तर रस्त्यात बंद पडलेल्या बस दुरुस्त करायला जाणारी ब्रेकडाउन व्हॅन तुझ्याकडे देतो, असं फोरमनने सांगितलं होतं. व्हॅन म्हणजे बसखाली उभं राहून काम करायच्या वर्कशॉपच्या खड्ड्यातून सुटका. मी दिवस मोजत होतो.

नोव्हेंबरची संध्याकाळ. तिथे चारलाच अंधारून येतं. डाव्या बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटी मोटार थांबलेली, आत एक म्हातारा. तो मध्येच बाहेर येईल म्हणून मी दिवा मारला. माझ्या मते, थांब, मी येतोय. तिथल्या लोकांमध्ये त्याचा अर्थ, या, तुम्ही आधी जा. म्हाताऱ्याने आभार मानायला हात वर केला आणि गाडी रस्त्यात घातली. माझा पाय रेसवर होता. ब्रेकपर्यंत पोचायला त्याला उशीर झाला.

म्हाताऱ्याचं मनगट मोडलं. रस्त्याच्या कडेला बसून तोच मला सांगत होता, "माझीच चूक असेल, मुला."

कोर्टाचं बोलावणं आलं. निष्काळजीपणे गाडी चालवली, असा आरोप. फोरमनने सल्ला दिला, तुमच्याकडे कसं चालतं ते सांग, दया येईल त्यांना. अक्कलकोटचा मल्लिनाथ माझ्याच वर्कशॉपात होता, तो धीर द्यायला सोबत आला. मी उभा राहिलो आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "मला माझ्या वडिलांनी चुकीचं शिकवलं. ते खेड्यातले ट्रकवाले आहेत. लिहिता-वाचता येत नाही. त्यांना नियम माहीत नाहीत." कुणीतरी मागे हसलं. मलाही थोडं हसू आलं. दंड झाला, परवान्यावर शेरा बसला, पण परवाना राहिला. थोड्या दिवसांनी फोरमनने शेऱ्याकडे काणाडोळा केला आणि व्हॅनचं ठरलं. फक्त तिथली परीक्षा पास व्हायची होती.

परीक्षेसाठी गाडीला शिकाऊची लाल अक्षराची एल पाटी लावली आणि हायवे कोडचं, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांचं, पुस्तक घेतलं. एका दुपारी कँटीनमध्ये डबा खाता खाता पान उलटलं तर दिव्याचा नियम समोर. समोरचा दिवा मारण्याचा अर्थ एकच, हॉर्नसारखाच, की मी इथे आहे. "या" नाही, "थांबा" नाही. समोरच्याने दिवा मारला म्हणून रस्ता मोकळा आहे असं धरून चालू नका.

घास तोंडातच राहिला. वडकबाळच्या पुलावर अंगठेबहाद्दर माणूस जे सांगत होता ते राणीच्या देशात छापून विकत होते. म्हातारा लोकांच्या सवयीने चुकला. मी अप्पांचं न ऐकून चुकलो. नाचता येईना आणि मी अंगण वाकडं म्हणालो, तेही भर कोर्टात, आणि ते अंगण माझ्या बापाचं. मी पुस्तक मिटलं, परीक्षा दिली, पास झालो, व्हॅन घेतली. कुणालाही काही बोललो नाही.

शहात्तरला सुट्टीवर आलो. मंद्रूपच्या निम्म्या ड्रायव्हरांना अप्पांनी शिकवलेलं. बाजार नसेल त्या दिवशी बाजाराच्या मोकळ्या जागेत ही शिकवणी चालायची. आता तिथे कुणीच नव्हतं. अव्वा म्हणाली, "तुज्यासंगचा मल्लिनाथ सुट्टीत आलता, तुजी खुशाली सांगाया हितं बी आला. त्यानं हसत हसत सांगितलं कोर्टातलं समदं. तवापासून कुणालाबी शिकवत न्हाईत. दुसऱ्याकडं जा म्हनत्यात."

मी अप्पांच्या समोर बसलो तेव्हा वाटलं, आता बोलतील. चिडावं, एक थोबाडीत द्यावी, मी मोकळा झालो असतो. अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली.

"त्यो म्हातारा बरा हाय का रं?"

"बरा हाय."

"हात वळतोय की न्हाय? भेटाया गेलतास न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

मी एकदाही गेलो नव्हतो. त्याचा पत्ता कोर्टाच्या कागदावर होता. माझ्या घरापासून दोन बस स्टॉप.

"मग बरं केलंस," अप्पा म्हणाले. "माजंच कुटं तरी चुकलं आसंल शिकिवताना." एवढं म्हणून ते उठले. त्या क्षणी, अप्पा, तुमचं बरोबर होतं, पुस्तकात छापलंय, असं म्हणायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण ते म्हटलं असतं तर मी कोर्टात काय केलं तेही कबूल करावं लागलं असतं. आपलं ठेवायचं झाकून. मी झाकलं. परतीच्या गाडीला ते स्टेशनापर्यंत आले, पण या वेळी लॉरी न काढता एसटीने.

दोन वर्षांनी अप्पा गेले. तार मला व्हॅनच्या फेरीवरून परत आल्यावर मिळाली.

मंद्रूपात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे बाहेर पडलेल्यांनो, घर म्हणजे काय असं आता कुणी विचारलं तर मला शेत आठवत नाही, जेवण आठवत नाही. ज्या ठिकाणी मला विचारलं गेलं की म्हातारा बरा आहे का, ते माझं घर. तिथे जाऊन मी खोटं बोललो. अप्पांकडे शिकायला येऊन रिकाम्या हाताने जे परत गेलात, त्या तुम्हा सगळ्यांना हे सांगायला मला फार उशीर झाला आहे. अप्पांनी बरोबर शिकवलं होतं. मी शिकलो नव्हतो.