चादरीवर रंगवलेली म्हण

माझा आवाज मोठा आहे. नागपूरला असताना हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्या घरात सगळ्यांचाच मोठा होता. आम्ही मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना भांडण लागल्यासारखं वाटायचं. माझ्या लक्षात आलं ते नवऱ्याच्या प्रोजेक्टपायी कॅनडातल्या एका छोट्या, गोठलेल्या शहरात राहायला गेल्यावर. तिथे माणसं धक्का न लागतासुद्धा एकमेकांना सॉरी म्हणायची. मला नोकरी नव्हती, मुलगी चार वर्षांची होती आणि बाहेर उणे पंचवीस. एकदा नवऱ्याच्या ऑफिसने आइस हॉकीची तिकिटं वाटली. खेळ मला काडीचा कळला नाही. पण खेळाडूंच्या बाकामागे सूट घातलेला एक लालबुंद माणूस दोन तास घसा फोडून ओरडत होता, पाण्याच्या बाटल्या आपटत होता, पंचाची अक्कल काढत होता. त्या शहरात आपलं माणूस भेटलं असं मला पहिल्यांदा वाटलं.

तो त्या संघाचा प्रशिक्षक. पुढची तीन वर्षं मी घरच्या मैदानावरची एकही मॅच सोडली नाही. मुलीला मांडीवर घेऊन बसायचे. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त बसड्रायव्हर काका बसायचे, त्यांनी मला खेळाचे नियम शिकवले. मी त्यांना चकल्या खायला शिकवलं.

एका मॅचला आमच्या तरुण गोलकीपरने दहा मिनिटांत तीन गोल खाल्ले. प्रशिक्षकाने त्याला बाहेर बोलावलं, त्याचा मुखवटा काढायला लावला आणि बाकाच्या टोकाला प्रेक्षकांकडे तोंड करून बसवलं. मॅच संपेपर्यंत तसंच. स्टेडियम टाळ्यांनी दणाणलं आणि त्या टाळ्यांत माझ्याही दोन हातांच्या होत्या. बसड्रायव्हर काका मात्र चुळबुळत म्हणाले, "जरा जास्तच झालं का हे?" मी लगेच शहाणपणा शिकवायला पुढे. म्हटलं, आमच्याकडे एक म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. इंग्रजीत समजावून सांगितलं, दगड कोण, टाकी कोण, देव कसा होतो. काकांना ती इतकी आवडली, की पुढच्या मॅचला ते एक जुनी पांढरी चादर घेऊन आले. तिच्यावर लाल रंगात, इंग्रजीत माझी म्हण. आम्ही ती कठड्याला बांधली. प्रशिक्षकाने ती वाचून आमच्या दिशेने हात उंचावला तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. त्या वर्षी संघ कप जिंकला. चादरीचा फोटो मी नागपूरला सगळ्यांना पाठवला.

पुढे नवऱ्याला आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या चेरीवूड भागात नोकरी मिळाली आणि आम्ही इकडे आलो. इथे आइस हॉकी नाही. मुलीने कमोगी निवडली. काठीने चेंडू मारायचा हा मुलींचा आयरिश खेळ, आणि त्यात तिने नेमकी गोलकीपरची जागा घेतली. मग काय, माझ्या आवाजाला पुन्हा काम मिळालं. दर शनिवारी मैदानाच्या कडेला उभी राहून मी तिला सूचना द्यायचे. सूचना हा माझा शब्द. दुसऱ्या आया माझ्यापासून थोड्या लांब उभ्या राहायच्या हे मला दिसायचं, पण मी म्हणायचे, यांना जिंकायचंच नाहीये.

२०२० च्या मार्चनंतर सगळंच बंद पडलं. घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा नियम आला आणि कॅनडातला आमचा जुना चाहत्यांचा ग्रुप अचानक जागा झाला. दर शनिवारी आमच्या संध्याकाळी, त्यांच्या दुपारी, पंधरावीस जण व्हिडिओ कॉलवर जमून जुन्या मॅचेस बघायला लागलो. आमचा प्रशिक्षक तोवर निवृत्त होऊन गावी गेला होता. त्याच्या नावाचा फलक स्टेडियमच्या छताला टांगावा असं क्लबला पत्र लिहायचं ठरलं. मजकूर अर्थात मी लिहिला. म्हण पहिल्याच परिच्छेदात घातली.

पत्र अजून सह्यांसाठी फिरत होतं, तेवढ्यात हिवाळ्यात कुणीतरी ग्रुपवर एका पॉडकास्टची लिंक टाकली. तोच गोलकीपर बोलत होता. मी थालीपीठ थापता थापता फोन स्पीकरवर लावला. तो आता लोकांच्या बाथरूममध्ये फरशा बसवतो. हळू, सावकाश बोलत होता, चिडून नाही. म्हणाला, त्या रात्रीनंतर एका सीझनमध्येच मी खेळ सोडला. पॉडकास्टवाल्याने विचारलं, प्रशिक्षकाचा राग येतो का? तो म्हणाला, त्याचं मला कळतं, त्याचीही नोकरी जायची पाळी होती. पण समोर कठड्याला एक चादर असायची, दगड आणि छिन्नीबद्दल काहीतरी लिहिलेली. दर मॅचला मी ती वाचायचो. ती लिहिणाऱ्यांना माझ्याकडून काय हवं होतं, ते मला आजही कळत नाही.

थालीपीठ करपलं. मुलगी प्रेसमधून ताटली काढत होती. स्वयंपाकघरातल्या कपाटाला ती इथल्यासारखं प्रेसच म्हणते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर आयरिश इंग्रजीतच येतं, 'तो माणूस' म्हणायचं तर 'युअर मॅन'. ती म्हणाली, "ती चादर तुझी ना? मला आठवतो युअर मॅन. तो रडत होता."

"तू केवढीशी होतीस," मी म्हटलं. "तुला कसं आठवेल?"

"तू टाळ्या वाजवत होतीस, म्हणून मी पण वाजवल्या," ती म्हणाली आणि ताटली घेऊन गेली.

ग्रुपवर रण पेटलं. एक शाळामास्तर लिहीत होते, त्या काळी सगळेच प्रशिक्षक असे होते, आता कबरी उकरून काय मिळणार. एक नर्स म्हणाली, काळ कसला, पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आपण सगळे हजर होतो. कुणी म्हणालं, कप कोणामुळे आला ते विसरू नका. आणि मग एकाने लिहिलं, अहो, भारतासारख्या प्राचीन देशातसुद्धा हेच सांगतात, आपल्या मैत्रिणीलाच विचारा. सगळे माझ्या उत्तराची वाट बघायला लागले.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो आधी त्या गोलकीपरचाच आला. एवढं कोवळं काळीज होतं तर आला कशाला या खेळात, असं मी नवऱ्याला म्हणाले. नवरा मवाळ माणूस, तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "अगं, ती म्हण आपण कुणाबद्दल वापरतो?"

मी त्यावर दोन दिवस कुढत राहिले. आमच्याकडे ही म्हण शोभते ती स्वतः घाव सोसलेल्या माणसाच्या तोंडी. माझे वडील म्हणायचे, पण स्वतःबद्दल, सायकलने वीस मैल जाऊन शिकले त्याबद्दल. मी ती दुसऱ्याच्या लेकरासमोर टांगली, वर त्याचे आईबापही स्टेडियममध्ये असतील हा विचार केला नाही. शेवटी मी ग्रुपवर लिहिलं, म्हण माझी आहे, मी चुकीच्या जागी वापरली, माझं पत्र मी मागे घेते. काकांनी लिहिलं, रंग मी दिला होता. मतदान झालं आणि थोडक्या फरकाने पत्र रद्द झालं. चार जण ग्रुप सोडून गेले. गोलकीपरला मी चार ओळींचं माफीचं पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, आणि ते यावं असा माझा हक्कही नव्हता.

प्रशिक्षक मला वाईट वाटायला लागला, असंही नाही. जुन्या मॅचमध्ये त्याचा आवाज ऐकला की अजून मला त्या थंडीत ऊब आल्यासारखी वाटते. त्याचं काय करायचं ते मला ठरवता आलेलं नाही. पण आपण सुधारलो, याचं मला मनातून बरंच कौतुक वाटत होतं.

इकडे वर्षभर पालकांना मैदानात बंदीच होती. सराव असला की मुलीला सोडायचं आणि गाडीत बसायचं. मी काचा बंद करून गाडीतल्या गाडीत ओरडायचे. त्या वर्षात तिचा खेळ सुधारला. तिच्या ट्रेनरबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, "शी इज फ्लाइंग." म्हणजे फारच छान खेळतेय. हे माझ्याच जुन्या सूचनांचं फळ, असं मी धरून चालले.

२०२१ च्या जूनमध्ये पालकांना परत कडेला उभं राहायची परवानगी मिळाली. मी घडीची खुर्ची गाडीत टाकली. पोचल्यावर मुलगी उतरेना.

"आई, तू गाडीतच थांब ना."

"मी आता ओरडणार नाही. शब्द देते."

"ओरडण्याचं नाही गं," हे तिने चक्क मराठीत म्हटलं. "गोल झाला की मी आधी तुझ्याकडे बघते. तुझा चेहरा. मग पुढचा बॉल मला दिसतच नाही." थोडा वेळ ती हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, "तू अशीच येणार असशील, तर मी पुढच्या वर्षी नाही खेळणार."

मी म्हटलं, तुला दिसणार नाही अशा ठिकाणी उभी राहते, चालेल? ती म्हणाली, "ग्रँड." म्हणजे इथल्या भाषेत चालेल.

मैदानाच्या कोपऱ्यात सामान ठेवायचा एक लोखंडी कंटेनर आहे. मी त्याच्याआड उभी राहिले. पहिल्या हाफमध्ये तिने चार चेंडू अडवले आणि मी तोंडावर हात धरून गप्प राहिले. दुसऱ्या हाफमध्ये एक गोल झाला. कुणी ओरडलं नाही. ट्रेनरबाई फक्त म्हणाल्या, "नेक्स्ट बॉल." मुलीने मान वळवली. हेल्मेटची जाळी कडेने उभ्या असलेल्या पालकांवरून एकेक चेहरा करत सरकत गेली, मग आमच्या गाडीकडे. गाडी रिकामी होती. ती परत पहिल्या चेहऱ्यापासून शोधायला लागली आणि तेवढ्यात दुसरा चेंडू तिच्या पायाजवळून आत गेला.

मी कंटेनरच्या मागून बाहेर आले आणि हात वर केला. तिने मला पाहिलं आणि मान खाली घातली. मी हसत होते, पण मॅच संपेपर्यंत तिने वर पाहिलंच नाही.