बेलावाचून दिलेलं मत

आजही कुणी बेलाचं पान पुढं केलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पानाचा काय दोष, म्हणाल. नसेल. पण माझ्या सासऱ्यांचा उजवा हात त्या पानापायीच मोडला.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवा जिल्हा, नव्या खुर्च्या, आणि आमच्या गावच्या पुढाऱ्याची झोप उडालेली. मागची निवडणूक त्यानं हसत-खेळत मारली होती. या खेपेला त्याच्याच भावकीतला एक जण उलट उभा राहिला. त्यात दुष्काळ. नदीत नुसती वाळू. मी नांदेडच्या उमरीकडची लेक, लग्न करून इथं आले, तेव्हा गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या होत्या. आमच्या बौद्धवस्तीतल्या आडाला मात्र पाणी होतं. तो आड त्याच पुढाऱ्यानं सरकारी कामातून खोदून दिला होता. सासऱ्यांना त्याची जाण होती. "पानी देनाऱ्याला मत द्यायाचं," असं ते दारोदार सांगत फिरले होते. मत आधीच त्याचं होतं, हे ध्यानात ठेवा.

पुढारी प्रचाराला वस्तीत आला तो दांडगी पोरं घेऊन. नवरा सडकेवर खडी फोडायला गेलेला. सासरे पुढं झाले. "साहेब, बेफिकीर ऱ्हावा. मतं तुमचीच हायत."

"असं तोंडी नगं, बाबा." पुढाऱ्यानं ताटलीत बेल आणि भंडारा पुढं केला. आमच्याकडं बेलाचं पान अन् हळद हातात घेऊन शब्द दिला की तो देवासमोर दिला असं धरतात. मोडला तर निर्वंश होतो म्हणे. सगळ्या गावानं उचलला होता. सासऱ्यांनी मात्र हात मागं घेतला. धम्म घेतला तेव्हा घरातले देवांचे टाक त्यांनी स्वतः नदीत सोडले होते.

"देव आमी सोडले, साहेब. बेल कशाला उचलू? माझा शब्द हाय की."

"ज्याला देव न्हाई, त्याच्या शब्दाला इमान कुठलं?"

"इमान मानसाला आसतंय. पानाला न्हाई."

इथंच बिनसलं. पोरांनी सासऱ्यांना उंबऱ्यावर पाडलं आणि पान मुठीत कोंबायला लागली. म्हातारा मूठ उघडेना. मग एकानं मनगट दाबून धरलं, दुसऱ्यानं काठी घातली. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. मी विळा घेऊन धावले. एकाच्या दंडाला लागला, बरं झालं, मेल्याला अजून खोल लागायला हवा होता. त्यांनी माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं. पुढारी बाजूला उभा राहून बोटांची हळद धोतराला पुसत होता. जाताना त्यांनी आडात रॉकेलचा डबा उपडा केला. "प्या आता तुमचं इमान!"

तेच पाणी प्यालो आम्ही. दुसरं होतं कुठं? वरचा तवंग फडक्यानं निपटायचा, उकळायचं आणि नाक दाबून गिळायचं. लेकरं ओकायची. बायाबापड्या पुढाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारायच्या.

मतदानाला मी सासऱ्यांना घेऊन शाळेत गेले. हात गळ्यात बांधलेला, त्यांनी डाव्या हातानं शिक्का मारला. परतताना मी विचारलं, "मामा, कुनाला दिलं?"

"ज्याला शब्द दिला व्हता त्याला."

माझं टाळकंच फिरलं. भर रस्त्यात मी कपाळ बडवून घेतलं. "त्या मुडद्याला? हात मोडला त्यानं तुमचा! लेकरांच्या पान्यात रॉकेल वतलं!"

सासरे शांत होते. "बेलाबिगर माझा शब्द टिकत न्हाई म्हनला न्हवं का त्यो? बघ, टिकला का न्हाई."

मी तर दुसऱ्याच्या चिन्हावर असा शिक्का हाणला होता की टेबल हललं होतं.

पुढारी पडला. निकाल लागला त्याच दिवशी, उजेड असतानाच, तो पोरं घेऊन वस्तीत शिरला. आमचं दार लाथेनं उघडलं. सासऱ्यांना मोडक्या हाताला धरून अंगणात ओढलं. ते असे ओरडले की अजून माझ्या कानात आहे.

"दगा दिलास, म्हाताऱ्या!"

"म्या तुमालाच दिलं, साहेब."

"बेल उचलला व्हतास का?" म्हणत पुढाऱ्यानं स्वतः त्यांच्या तोंडात मारली. पोरं हसली.

"तुमालाच दिलं," सासरे पुन्हा म्हणाले. ओठ फाटलेला, दाढीवर रक्त. लाथ बसली. "तुमालाच दिलं." पुन्हा लाथ. आणि म्हातारा तेच धरून बसलेला. खरं बोलणाऱ्या माणसाला असा मार खाताना बघवत नाही हो, कुणालाच बघवणार नाही.

मी मधे पडले. "आरं मुडद्यांनो, सोडा त्येंला! म्या न्हाई दिलं! म्या दुसऱ्याला शिक्का मारला, अन् पुन्यांदा मारीन!"

सगळे थांबले. पुढाऱ्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "ही खरं बोलती," तो म्हणाला.

सासऱ्यांना सोडून काठ्या माझ्याकडं वळल्या. माझ्या शब्दावर त्यांचा लगेच विश्वास बसला. बेल कुणी मागितला नाही.