पंचनाम्यातल्या उंदराच्या लेंड्या

कुठं भिंतीच्या कडेला उंदराच्या लेंड्या दिसल्या की सेलू तालुक्यातली ती शेतातली खोली माझ्या डोळ्यांपुढं येते. बायको म्हणते, "आता तरी पंचनामे सोडा." सुटत नाहीत. त्या पंचनाम्यात मी स्वतः एक चूक लिहून घेतली होती आणि तिच्यापायी एक निरपराध माणूस खुनात अडकला होता.

मी तेव्हा ठाणेदार होतो. मार्चमधला रविवार. हजेरी आटोपून चहाचा कप उचलला, तेवढ्यात एक शेतकरी धापा टाकत आला. शेजारच्या शेतातला म्हातारा खोलीत मरून पडला आहे, म्हणाला. म्हातारा विधुर. शेतातच एकटा राहायचा, वांगी-भेंडी पिकवून मंगळवारच्या बाजारात विकायचा. आम्ही पोचलो. पुढच्या दाराला आतून कडी, मागचं दार नुसतं ओढलेलं. डोक्यात मार होता. वर टिनाचं छप्पर आणि ते ऊन, त्यामुळं प्रेताची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. दारापुढं कोंबडीखताचा मोठा ढीग, त्याचा वास वेगळाच.

खबर आणणारा शेजारी मदतीला फार तत्पर. "बुधवारी माह्याकडं चहा पेऊन गेला साहेब, धडधाकट होता. गुरुवारी सांजच्याले त्याचा पुतण्या आलता. लय भांडण झालं. मी धुऱ्यावरून आयकलं." धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आणखी दोघांनीही आरडाओरडा ऐकला होता.

आमचा नेहमीचा फोटोग्राफर बाहेरगावी होता, म्हणून गावातला लग्नांचे फोटो काढणारा बोलावला. हा पठ्ठ्या प्रेत सोडून कोपऱ्यात उकिडवा बसला आणि कॅमेरा भिंतीला टेकवून फटाफट फोटो काढू लागला. मी खेकसलो, "काऊन रे, नवरीची मेंदी हाय का ते? मुडद्याचे काढ!" त्या कोपऱ्यात तपकिरी दाणे पडले होते. मी रायटरला सांगितलं, "लिहा, भिंतीलगत उंदराच्या लेंड्या." माश्यांबद्दल एक ओळही नाही. खताचा ढीग दारात, माश्या असायच्याच!

दाराच्या आत एक लग्नपत्रिका सापडली, पुतण्याच्या मुलीची. झालं. ट्रक चालवणाऱ्या त्या पुतण्याला आम्ही कारंज्याच्या एका ढाब्यावरून जेवता जेवता उचलला. न्यायालयानं पोलीस कोठडी दिली. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले होते, "तीन दिवस किंवा त्याहून जास्त." मला तेवढं 'तीन दिवस' ऐकू आलं. माणसाला हवं ते बरोबर ऐकू येतं आणि पोलीसही माणूसच.

चौकशीत पुतण्या एकच सांगत राहिला. "साहेब, काका दोन वर्सं बोलत नव्हता. पोरीचं लगन हाय, म्हणून पत्रिका घेऊन गेलतो. कितीक दार ठोकलं. हूं नाई का चूं नाई. मंग माहं डोस्कं सटकलं. शिव्या देल्या, नाई नाई ते बोललो, पत्रिका दाराखालून सरकवली अन् आलो."

"भांडण ऐकणारे तीन साक्षीदार आहेत."

"मी बोंबललो, ते आयकलं असंन. काकाचा आवाज आयकला का कोणी?"

लग्न वीस दिवसांवर होतं. पोराकडच्यांनी निरोप धाडला होता की बाप आत असेल तर सोयरीक मोडली समजा. त्याची बायको रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. मला तिचा राग यायचा. खरं सांगायचं तर स्वतःचाच येत होता. मी साक्षीदारांना परत बोलावलं. दुसरा आवाज एकानंही ऐकला नव्हता.

त्याच दिवशी फोटोग्राफर फोटो घेऊन आला. जरा घाबरतच म्हणाला, "साहेब, रागावू नका. तुमी उंदराच्या लेंड्या म्हनल्या, पन लेंडीले कुठं टोपन असते का?" त्यानं फोटो मोठा करून दाखवला. दाणे आतून पोकळ होते आणि एका टोकाचं टोपण उघडलेलं. शेजारी मापासाठी ठेवलेली आगपेटीची काडी, आणि भिंतीवर पंख चुरगळलेली एक माशी. मी पाहतच राहिलो. नातेवाइकांनी खोली एव्हाना फिनाईलनं धुऊन काढली होती. आता जे काही होतं ते त्या फोटोंतच.

रीतसर पत्र घेऊन मी वर्ध्याच्या एका महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमकडं गेलो. त्यांनी चष्मा सारखा करत एकेक फोटो पाहिला. मी म्हणालो, "माश्या खतावरच्या असतील."

"खतावर घरमाशी असते. तिच्या पाठीवर चार काळे पट्टे असतात. ही बघा, पाठ निळी-हिरवी, चकचकीत, आणि डोळे विटकरी. ही मांसावर येते. नुसत्या फोटोवरून माशीची जात सांगताना मी दहा वेळा विचार करते, पण हे फोटो काढणाऱ्याचा हात कोणी धरणार नाही. आणि हे दाणे म्हणजे माशीचे कोष. काडीशी ताडून बघा, घरमाशीच्या कोषापेक्षा मोठे आहेत."

"ती बाहेरून उडत आली असेल तर?"

"ही भिंतीवरची? हिचे पंख अजून उलगडलेले नाहीत. ती कुठून उडत येणार? ती त्याच खोलीत जन्मली. या उन्हात अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-नऊ दिवस तरी लागतात."

मी बोटांवर मोजलं. रविवारपासून मागं नऊ दिवस म्हणजे आधीचा शुक्रवार. त्या शुक्रवारी आणि त्याच्या आगेमागे दोन दिवस पुतण्या ट्रक घेऊन रायपूरकडं होता. टोल नाक्यावरच्या कॅमेऱ्यानं आणि मालकाच्या रजिस्टरनं ते पक्कं केलं. मग बुधवारी शेजाऱ्याकडं चहा प्यायला कोण?

बाजारात माणूस पाठवला. मंगळवारी म्हाताऱ्याची जागा रिकामी होती आणि विचारणाऱ्यांना या शेजाऱ्यानं सांगितलं होतं, "त्याले ताप हाय." आता त्याला बोलावला. दमदाटी केली नाही, पाणी दिलं, खुर्ची दिली.

"बुधवारी चहात साखर किती टाकली होती?"

"दोन चमचे साहेब. त्याले गोड लागते."

"कप की गिलास?"

"कप. बशीत ओतून पेला."

खरं बोलणारा म्हणतो, आठवत नाही. खोटं बोलणाऱ्याला सगळं आठवतं. मी फोटो त्याच्यापुढं ठेवला. "तो त्याआधीच्या शुक्रवारीच मेला होता. या माशीनं सांगितलं. मग बशीतून कोण प्यायला? अन् मंगळवारी ताप कोणाले होता?"

त्यानं फोटो पाहिला, पाण्याचा गिलास उचलला आणि तसाच खाली ठेवला. "धुऱ्यापायी झालं साहेब. दरवर्सी हातभर धुरा माह्याकडं सरकवून राह्यला होता." डोक्यात घातलेली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, त्यानं पंचांसमक्ष स्वतःच काढून दिली. पुढं तज्ज्ञांचे अहवाल आले, मॅडमची साक्ष झाली आणि खटला टिकला.

सेवेची तीस-बत्तीस वर्षं मी छातीठोक काम केलं आणि आजही छातीठोक सांगतो, पंचनाम्यात दिसतं ते लिहावं, वाटतं ते नाही. तपकिरी दाणे दिसले तर तपकिरी दाणे लिहा. लेंड्या कोणी ठरवल्या? मीच शहाणा! त्या फोटोग्राफरला पुढं मी माझ्या ठाण्यातल्या प्रत्येक पंचनाम्याला बोलावलं आणि पुन्हा कधी खेकसलो नाही.

न्यायालयात अहवाल देऊन पुतण्याला सोडवला तेव्हा लग्न सहा दिवसांवर होतं. पोराकडच्यांना मी स्वतः फोन केला. त्याची बायको ठाण्याच्या फाटकाशी उभी होती. मला वाटलं, आता हा रडेल नाहीतर मला चार शिव्या देईल, आणि तो त्याचा हक्कच होता. तो दारापर्यंत गेला आणि परत आला.

"साहेब, एक खरं सांगा. मी गेलतो तवा काका मेलेलाच होता ना?"

"हो. सहा-सात दिवस आधीच."

"मंजे माह्या शिव्या त्यानं आयकल्या नाई?"

मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाई रे बाबा. एकही नाई आयकली."

तेव्हा तो रडला.