बुडवलेलं ऑर्किड

पोलंडमधल्या रादोम शहरात, आमच्या इमारतीत कुणाचं ऑर्किड आजारी पडलं की ते गेनोवेफाबाईंकडे जातं. बाईंनी आयुष्यभर बस डेपोच्या खिडकीत तिकिटं फाडली, आता तिसऱ्या मजल्यावर बसून माणसांना फाडून खातात. "रोज पाणी? अगं, ते ऑर्किड आहे, बदक नव्हे!" हे मीही ऐकून घेतलंय. मुळं चंदेरी दिसली की कुंडी कोमट पाण्यात ठेवायची, हिरवी झाली की काढून नीट निथळू द्यायची, पानांच्या बेचक्यात थेंब राहू द्यायचा नाही. बस्स, एवढंच. पण माणसांना राहवत नाही.

झाड परत देताना बाई दारातच बजावतात, "आभार मानू नका, मरेल." रोपाबद्दल आभार मानायचे नसतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

त्यांची धाकटी बहीण लुत्सिना आमच्याच इमारतीत, पलीकडच्या जिन्याला राहते. तिने बागेतलं आईचं चेरीचं झाड न विचारता तोडलं, तेव्हापासून कित्येक वर्षं दोघींचं बोलणं बंद. ईस्टरनंतर लुत्सिना मुलाकडे ग्दान्स्कला कायमची निघाली होती.

"अशीच जाणार का गं, न बोलता?" मी शरद ऋतूतच तिला विचारलं होतं.

"तिला काय पडलंय!" असं म्हणून तिने माझ्या हातात एक ऑर्किड कोंबलं. "हे तिला दाखव. माझं नाव घेऊ नकोस."

मुळं काळी, लिबलिबीत. वास तर विचारूच नका. आणि कुंडी आईच्या निळ्या इनॅमलच्या भांड्यात ठेवलेली. नाव कशाला घ्यायला हवं!

बाईंनी भांडं ओळखलं. मला वाटलं, आता मी आणि ऑर्किड, दोघंही जिन्यावरून खाली. पण त्यांनी कात्री घेतली, सडकी मुळं छाटली, कापल्या जागी दालचिनीची पूड लावली, कुंडीत मातीऐवजी घालतात ते झाडाच्या सालीचे नवे तुकडे भरले. "पाणी पाजून मारलं मेलीनं," एवढंच म्हणाल्या.

ईस्टर तोंडावर आला तेव्हा कुठे एक नवं मूळ फुटलं. "चल, तूपण ये," निळ्या भांड्यासकट ऑर्किड उचलत बाई मला म्हणाल्या. एकटीने जायची छाती होत नव्हती, दुसरं काय!

लुत्सिनाने दार उघडलं. आत सामानाची खोकी बांधून ठेवलेली. ती काही बोलणार तोच बाई ओरडल्या, "आभार मानू नकोस, मरेल!" इतक्या वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे.

मग त्यांची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. तिथे ऑर्किडची रांग, फुलांनी लगडलेली. मुळं ठणठणीत, एक पान पिवळं नाही. पाणी कसं घालायचं हे हिला चांगलं ठाऊक होतं की!

"कुजवायला किती दिवस लागले गं?" बाईंनी विचारलं.

"मरतच नव्हतं मेलं." लुत्सिना रडायलाच लागली. "रोज सकाळी ओतत होते."

"त्यापेक्षा जिना चढून आली असतीस तर!"

"दार उघडलं असतंस?"

निळं भांडं मांडीवर घेऊन बाई खोक्यावर बसून राहिल्या.