बोंबलांवर आळ

हसू नका असं मी म्हणणार नाही, हसाच. फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा. माझी अक्कल कुठवर धावते ते आज तुम्हाला कळणार आहे.

मी मूळचा सांगलीकडचा. बोईसरला कंपनीत लागलो आणि तारापूरच्या बाजूला समुद्राकाठी खोली घेतली. घरमालकीण जनीमावशी बोंबील सुकवून विकायची. तिचे बोंबील वाळवायचे बांबू नेमके आमच्या खिडकीसमोर.

तर दरवर्षी पाऊस सरला, बोंबील बांबूवर चढले, की माझ्या शिंका सुरू! सकाळी उठल्यापासून नाकाला धार. निदान करायला डॉक्टर कशाला हवा? मार्चात बोंबील तिथेच लटकलेले असायचे आणि शिंका मात्र थांबायच्या. पण असल्या बारीकसारीक गोष्टींकडे शहाण्या माणसाने लक्ष द्यायचं नसतं.

बायको म्हणायची, गादीला एकदा ऊन दाखवा. सासऱ्यांनी लग्नात दिलेली कापसाची गादी ती, हलवायची म्हणजे शेजारी बोलवावे लागतात. मी काही मनावर घेतलं नाही. गेल्या दसऱ्याला मावशीला सुनावलं, एक तर तुमचे बोंबील राहतील, नाही तर आम्ही.

मावशीला भाडं हवंच होतं. तिने निमूट बांबू उपटले आणि घरामागे माडांच्या सावलीत रोवले. तिथे ना ऊन, ना वारा. बोंबील वाळेनात, टोपल्या भरभरून फेकावे लागले बिचारीला. आमच्याकडे येणारी कालवणाची वाटी मात्र बंद झाली.

आणि शिंका? दुप्पट! बोंबील गावाबाहेर न्या म्हणून सांगायला मी निघालोच होतो, तेवढ्यात बायकोने ओढत बोईसरच्या डॉक्टरांकडे नेलं.

कशाची ॲलर्जी आहे ते बघायला त्यांनी हातावर वेगवेगळे थेंब टाकून टोचलं. मी बजावलं, मासळीचं आधी बघा. मासळीच्या जागी काहीच नाही. शेजारी मात्र टम्म गांध उठली.

"धुळीतले किडे," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांना दिसत नाहीत. गादीत राहतात, तुमच्या कातडीचा कोंडा खातात. पावसात ओल मिळाली की वाढतात, पाऊस संपता संपता नुसती गर्दी. हवा कोरडी झाली की कमी होतात. गादी उन्हात कधी टाकली होती?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

म्हणजे बघा, किड्यांना मी खाऊपिऊ घालून ठेवलं होतं आणि हाकललं कोणाला, तर बोंबलांना!

आता गादी वाळवायची कुठे? दिवसभर कडक ऊन एकाच जागी, आमच्या खिडकीसमोर. मावशीकडे गेलो, माफी मागितली, बांबू स्वतः पुढे आणून रोवून दिले. खरंच फार वाईट वाटत होतं. मग हळूच विचारलं, कडेच्या बांबूवर आमची गादी टाकली तर चालेल का?

मावशीने गादीकडे बघितलं, मग माझ्या नाकाकडे.

"नाय रे बाबा," ती म्हणाली. "आमच्या बोंबलांना शिंका यायच्या."