रफचं शेवटचं पान

स्पेनमध्ये सारागोसाला शिकायला निघाले तेव्हा सगळ्यांनी मला भाषेची भीती घातली होती. भाषा मी वर्षभर घासून गेले होते, तिनं फारसा त्रास दिला नाही. जड गेलं ते दुपारी तीनला जेवणं, आणि शिकवणाऱ्यांना तोंडावर नावानं हाक मारणं. दोन वाजले की दुकानांची शटरं खाली येतात आणि पाचपर्यंत उघडत नाहीत. जबलपूरला बडा फुहाऱ्याच्या बाजारात कापडवाल्यानं भर दुपारी शटर ओढलं, तर घरात कोणी गेलं का म्हणून लोक चौकशीला जातील. सारागोसात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, आणि महिनाभरात मलाही ते पटलं. जेवून तासभर आडवं होणं यात लाजण्यासारखं काय आहे?

मी शिकत होते पाण्याचं इंजिनियरिंग, म्हणजे धरणं, कालवे, सांडवे. लहानपणी बरगी धरणाची दारं उघडली की आम्ही डबा घेऊन बघायला जायचो, हे खूळ तिथलंच असणार. कोर्स दोन वर्षांचा, शिष्यवृत्तीवर. अट एकच होती, पण कडक. पहिल्या वर्षाचा एकही विषय राहिला तर दुसरं वर्ष मिळणार नाही, सामान बांधायचं आणि घरी यायचं.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळे विषय सुटले आणि धरणांच्याच विषयात मी नापास झाले. पास व्हायला दहापैकी पाच लागतात, मला चार पूर्णांक दोन दशांश मिळाले होते. जुलैमध्ये फेरपरीक्षा होती, पण आपलं चुकलं कुठं हेच कळत नसेल तर फेरपरीक्षेत तरी वेगळं काय करणार होते? मी स्वयंपाकघरात बसून रडले.

माझ्याबरोबर राहणारी मुलगी जवळच्या खेड्यातली होती, फार्मसी शिकायची. ती कांदा परतत होती. ती म्हणाली, मग गुरुवारी पेपर बघायला जा. तिकडे प्रत्येक परीक्षेनंतर एक दिवस ठरलेला असतो. ज्याला वाटेल त्यानं शिक्षकांच्या खोलीत जायचं, आपला पेपर समोर घ्यायचा आणि मार्क का कापले ते विचारायचं. ही मेहेरबानी नाही, विद्यार्थ्याचा हक्क आहे. ती हे इतक्या सहज सांगत होती की जणू मला दळण आणायला पाठवत होती.

मी बाबांना फोन केला. बाबा तीस वर्षं जबलपूरच्या एका शाळेत गणित शिकवताहेत. त्यांना हे अजिबात रुचलं नाही. "काहून जाऊन राहिली? मास्तरच्या नंबरावर बोट ठेवतात का कुठं?" ते म्हणाले. खरं तर माझंही मत तेच होतं. पण गुरुवारी त्या मुलीनं मला अक्षरशः दाराबाहेर ढकललं.

धरणांचा विषय शिकवणाऱ्या बाईंच्या खोलीचं दार उघडं होतं आणि बाहेर पाच-सहा जण उभे होते. माझ्या आधीच्या मुलीनं एका बेरजेवर बोट ठेवलं. बाईंनी चष्मा वर केला, पुन्हा बेरीज केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं, मी चुकले." त्यांनी तिथंच मार्क वाढवले. मुलगी आभार मानून निघून गेली, कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. मी मात्र बघतच राहिले. इतकी वर्षं शाळा-कॉलेजात काढली, पण शिक्षक असं म्हणाल्याचं मला आठवत नव्हतं.

माझी पाळी आली. मी हात बांधून उभी राहिले आणि म्हणाले, तुम्ही दिलेले मार्क योग्यच आहेत. बाईंनी विचारलं, मग आलीस कशाला? त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, मला बसवलं आणि पेपर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. सांडव्याच्या गणितापाशी आम्ही थांबलो. तिथं नुसतं सूत्र आणि उत्तर होतं, तेही चुकलेलं, म्हणून शून्य. बाईंनी पानं उलटली. शेवटच्या पानावर मी तेच गणित पायरी-पायरीनं केलेलं होतं, उत्तरासकट बरोबर. नीट उतरवून घेताना एक आकडा चुकला होता. आणि त्या आख्ख्या पानावर मी पट्टीनं एक तिरपी रेघ मारलेली होती.

त्यांनी विचारलं, बरोबर गणित का खोडलंस? मी सांगितलं की हे रफ आहे. आमच्याकडे कच्चं काम मागच्या पानावर करतात आणि पेपर देण्याआधी खोडतात, तपासणाऱ्याला आपला पसारा दिसू नये म्हणून. माझ्या वडिलांनी दुसरीपासून तसं वळण लावलंय. सांगताना मला थोडा अभिमानच वाटत होता.

बाईंनी ते पान माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "तू विचार केलास तो या पानावर. तोच मला दिसू नये म्हणून खोडलास?"

मार्क त्यांनी वाढवले नाहीत. खोडलेलं धरायचं नाही हा नियम सगळ्यांना सारखा होता, आणि तो माझ्यासाठी मोडला असता तर त्या माझ्या मनातून थोड्या उतरल्या असत्या. पण फेरपरीक्षेपर्यंत दर गुरुवारी ये म्हणाल्या. मी गेले. त्या कोरा कागद पुढे ठेवायच्या आणि पट्टी काढून घ्यायच्या. माझा हात शिवशिवायचा. गिचमिड, चुका, मधेच सोडलेल्या वाटा, सगळं तसंच ठेवून कागद त्यांच्या हातात द्यायला मला लाज वाटायची, आणि त्या मात्र तेच कौतुकानं वाचायच्या. असं मन लावून माझं लिहिलेलं तोवर कुणी वाचलं नव्हतं.

जुलैमध्ये मी दहापैकी सात मार्क मिळवून पास झाले. शिष्यवृत्ती राहिली. पेपर बघायला गेले त्या दिवशी बाबांना सगळं सांगितलं होतं, तेव्हा ते नुसतं अच्छा म्हणाले होते. पास झाल्याचं कळवायला संध्याकाळी फोन केला. त्यांना आनंद झाला, पण आवाज नेहमीचा नव्हता. बरं नाही का, असं मी विचारलं.

"नाही, बरा आहे. मंथली टेस्टच्या कॉप्या तपासून राहिलो होतो," बाबा म्हणाले. "एका पोरीचं उत्तर चूक होतं. मागं पाहिलं, तर काटलेल्या रफमध्ये बरोबर. नंबर दिले मी तिला."

मी म्हटलं, चांगलं केलंत.

बाबा म्हणाले, "तीस वर्षं झाली, बेटा. काटलेलं मी कधी वाचलंच नाही. आणि काटायला मीच शिकवत होतो."