बळदातला हुंकार

नेकनूरच्या पलीकडं डोंगराला टेकून एक वाडी आहे. त्या वाडीत मुंजाजीचं माळवदाचं, सपाट मातीच्या छपराचं घर होतं, आणि घरात एक बळद होतं. बळद म्हणजे दोन जाड भिंतींच्या मधली, दार नसलेली अरुंद खोली. वर माळवदाला माणूस उतरेल एवढं तोंड असायचं. तिथून जवारी ओतायची आणि तळाशी असलेल्या हातभर भोकातून लागेल तशी काढायची. एरवी ते भोक शेणामातीनं लिंपून टाकलेलं असे.

बहात्तरचा दुष्काळ आला त्याच्या आधीपासूनच पाऊस रुसलेला होता. बळद रिकामं झालं. तळाला कडुलिंबाच्या पाल्याचा चुरा आणि जुन्या जवारीचा वास, एवढंच राहिलं. रिकामं बळद म्हणजे उपास, हे कुणालाही दिसलं असतं. मुंजाजीलाही दिसलं. पण त्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसली, जी त्याच्या घरात दुसरीकडं कुठंच नव्हती. भर दिवसा काळाकुट्ट अंधार.

मुंजाजी फोटो काढायचा. पोरवयात बीडला एका स्टुडिओत तो फोटो धुवायला राहिला होता. मालकानं दुकान बंद करताना जुना कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला, तो पुन्हा उतरला नाही. शेती धाकटा भाऊ सर्जेराव बघायचा. सर्जेराव सोसायटीचा चेअरमन होता, लोकांच्या गराड्यात असायचा. मुंजाजी त्या गराड्याच्या बाहेर उभा राहून एक डोळा मिटायचा. सोसायटीची सभा, पाझर तलावाच्या कामावरची माणसं, ऊसतोडीला निघालेल्या गाड्या, असे त्याचे फोटो. कामावरच्या बाया डोक्यावर पाटी घेऊनच उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, पाटी दिसू नगा देऊ बरं का." पाटी दिसायचीच.

तयार रोल महाग, ते घेऊन हा धंदा चालण्यासारखा नव्हता. म्हणून मुंजाजी औरंगाबादहून फिल्मचा सबंध डबा आणायचा. पत्र्याचा डबा, आत काळा कागद आणि कागदात गुंडाळलेली एकच लांबलचक फिल्म, कासऱ्याच्या वेटोळ्यासारखी. तिचे तुकडे तोडायचे, एकेक तुकडा चिमुकल्या फिरकीला चिकटपट्टीनं डकवायचा, गुंडाळायचा आणि रिकाम्या डबीत घालून टोपण दाबायचं. रिकाम्या डब्या बीडच्या स्टुडिओवाल्यांकडून गोळा केलेल्या असत. डबीच्या फटीला मखमल असते, तिच्यात धुळीचा कण राहिला तर फोटोवर आडवी रेघ उठते, म्हणून तो ती मखमल चिलटं टिपल्यासारखी टिपून घ्यायचा.

हे सगळं अंधारात करावं लागतं. दिव्याची वात चालत नाही, दाराची फट चालत नाही. आधी त्यानं वाकळ पांघरून बघितलं. घामानं बोटं चिकटली, फिल्मवर बोटांचे डाग पडले. रात्री बळदात उतरावं तर विंचवाचं भय. मग सरूनं तोड काढली.

सरू, सरूबाई, त्याची बायको. पोटी लेकरू नव्हतं. ती माळवदावर जायची आणि आरशानं ऊन पकडून बळदाच्या तळाशी फिरवायची. कोपरान् कोपरा उजळायचा. विंचू-काटा नाही अशी खात्री झाली की मुंजाजी दोर धरून खाली उतरायचा. वरून ती तोंडावर फळी टाकायची, फळीवर वाकळ पसरायची आणि वाकळीच्या कडा दाबून स्वतः वर बसायची. तिच्या अंगाच्या वजनानं उरलीसुरली फट मिटायची. आतून हे जमत नव्हतं. मुंजाजीनं एकदा आतून वाकळ ओढून घेतली होती, तर कडेनं सुईएवढा उजेड आला आणि सगळ्या फिल्मवर पट्टे उठले. हे काम दोन माणसांचं होतं. एक अंधारात, एक उन्हात.

खाली भिंतीला त्यानं दोन खुंट्या ठोकल्या होत्या. एका खुंटीपासून दुसरीपर्यंत फिल्म ताणली की एका डबीचं माप व्हायचं. खुंटी चाचपायची, ताणायची, कात्री लावायची. आणि वरून सरू बोलायची. माळवदावरून सारं गाव दिसायचं, ते ती त्याला सांगायची.

"आवो, ऐकायलाव का?"

"हूं."

"टँकर आलाय बघा. छबुबाई दोन घागरी घेऊन पळायलीय. एक फुटती बघा आता."

"हूं."

"आवो, ह्या रेशनच्या लाल मिलोच्या भाकरीला चव कावून नसती हो?"

"मला काय माहीत. काम करू दे."

"करा की. मी काय हात धरलाय?"

आणि पुन्हा लगेच, "ऐकायलाव का?"

त्या बडबडीचा त्याला कधी कधी वैताग यायचा. अंधारात माप चुकायचं. पण काही गोष्टी अशाही होत्या की त्या फक्त तिथंच बोलल्या गेल्या. उजेडात समोरासमोर बसून ती कधी म्हणाली नव्हती की लेकरू नाही म्हणून मला सणाच्या दिवशी घर खायला उठतं. फळीवर बसून म्हणाली. खाली त्याच्या हातात फिल्म होती, डोळ्यांसमोर काहीच नव्हतं. तो 'हूं' म्हणाला. त्या एका 'हूं'त जेवढं बसलं तेवढं बसलं.

एकदा मात्र त्याचं डोकं फिरलं. सकाळपासून कशावरून तरी दोघांचं वाजलं होतं. खाली उतरल्यावर त्यानं ठरवलं, आज हुंकार द्यायचाच नाही. तिनं हाक मारली, तो गप्प. दुसऱ्यांदा मारली, तो गप्प. तिसऱ्या हाकेला आवाज फाटला आणि फळी बाजूला झाली. ढिगानं उजेड खाली कोसळला. हातातला तुकडा गेला. मुंजाजी दोर धरून वर आला आणि दिवसभर तिला बोलत राहिला. अडाणी म्हणाला, बावळट म्हणाला. ती चुलीपुढं बसून होती. एवढंच म्हणाली, "मला वाटलं, झालं तुमचं." त्याला वाटलं, काम झालं असं तिला वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावर हगवणीची साथ आली. सरू दोन दिवसांत गेली. तिचा फोटो होता, हसताना डोळे बारीक केलेला. मुंजाजीनं तो भिंतीला लावला. फोटोत ती गप्प होती, आणि सरू गप्प असलेली त्याला ओळखू येईना.

त्यानंतर त्यानं फिल्म भरली नाही. औरंगाबादहून आणलेला शेवटचा डबा तसाच काळ्या कागदात राहिला. भरलेल्या डब्या होत्या तोवर चार फोटो काढले. मग कॅमेरा खुंटीला लागला. वर फळीवर बसायला कुणाला बोलवायचं? रांडव्या माणसाच्या माळवदावर बाई कशी येईल? आणि गडी सगळे कामावर. दिवस नुसते यायचे आणि जायचे. तो भाकरी करायला शिकला. भाजी एकाच चवीची व्हायची, ती का तशी होते हे विचारायला कुणी नव्हतं.

त्या साली पाऊस पडला. रब्बीची जवारी डोक्याएवढी झाली. खळी झाली आणि सर्जेराव घरी आला. ओट्यावर न बसता तो उभ्यानंच बोलला.

"दादा, बळद मला पाहिजे. जवारी ठिवायला जागा न्हाई."

"बळदात माझं काम असतं."

"कोन्तं काम? कॅमेऱ्यावर कोळी बसलाय." मग आवाज उतरवून म्हणाला, "तू असं कर. सोसायटीच्या गोदामावर राखणीला ये. माणसात राहशील."

"माणसात? गोदामात पोती असतात बे."

सर्जेराव हसला नाही. दुष्काळानं खोळंबलेली लगीनसराई तोंडावर होती. गावोगावी मांडव पडणार होते. डब्यातली फिल्म भरून झाली तर मुंजाजीचा धंदा पुन्हा उभा राहणार होता. एकदा हात चालायला लागले की पुढचंही सुचलं असतं. नाही भरली तर कॅमेरा कायमचा खुंटीला आणि आपण कायमचे गोदामाच्या दाराला, हे त्याला दिसत होतं.

"एक डबा हाय," तो म्हणाला. "तेवढा भरून घेतो. मग बळद तुझं. पण फळीवर तू बसायचं."

"मी?"

"मग कोण? वरून दाबून बसायला चेअरमन चांगला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं माळवदावर चढले. सर्जेरावानं आरसा धरला, पण ऊन भिंतीवरच घुटमळत होतं, कोपऱ्यात जातच नव्हतं. मुंजाजीनं आरसा घेऊन स्वतःच तळ बघितला. मग खाली उतरला. वर फळी आली, वाकळ आली, आणि सरूपेक्षा कितीतरी जड असं वजन फळीवर टेकलं. उजेड मिटला.

तोच वास. खुंट्या जागेवर होत्या. त्यानं डबा उघडला, काळा कागद सोडला, फिल्मचं टोक धरलं. पहिली डबी भरली, टोपण टक्कन बसलं. हात काही विसरले नव्हते. दुसरी भरली. तिसरीसाठी टोक खुंटीला लावलं आणि तो थांबला.

वर काही आवाज नव्हता. सर्जेराव सभेत तासभर बोलायचा, पण भावाशी काय बोलावं हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. तो नुसता बसला होता. आणि मुंजाजी खाली नुसता उभा होता, फिल्म ताणून, मान वर करून. टँकर आला का? छबुबाईची घागर फुटली का? कुणी सांगत नव्हतं. त्याला वाटलं, आपण श्वास घेतला तर ती बोलेल ते ऐकू येणार नाही. त्यानं श्वासही रोखून धरला.

"दादा, झालं का?"

हाक आली. पण ती हाक त्याला हवी होती ती नव्हती. तो बोलला नाही.

"दादा!"

तो बोलला नाही.

फळी करकरली. वाकळ सरकली आणि उजेड बळदात घागर उपडी व्हावी तसा ओतला गेला. मुंजाजी अंगानं डब्यावर पडला, पण खुंटीवर ताणलेली फिल्म डोळ्यांदेखत दुधाळ उजेडात लटकत होती. वर तोंडातून सर्जेरावाचं डोकं दिसत होतं, पागोटं सुटलेलं.

"कावून उघडलंस बे?" मुंजाजी ओरडला. "सगळी नासली! सगळी!"

"मग आवाज का दिला न्हाई?" सर्जेरावही ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "धान्याच्या पेवात उतरल्याला माणूस बोलंना तर वरच्यानं काय समजायचं? आपला चुलता कसा गेला ठावं न्हाई तुला? पेवातल्या कोंडल्या हवेनं बसल्या जागी गेला, वरच्याला कळलं सुदीक न्हाई!"

मुंजाजीनं डब्यावर काळा कागद ओढून झाकण दाबलं.

"वैनी कावून बोलायची इतकी?" सर्जेराव काठाशी बसून खाली बघत म्हणाला. "उन्हात बसून बडबडायची. मी इचारलतं एकदा. म्हनलं, वैनी, तुला काय येड लागलंय का? तर म्हनली, बडबड न्हाई भावजी, त्येंचा हूं ऐकायलेय. हूं थांबला की फळी काढायची. फिलम गेली तर गेली."

बळदाच्या तळाशी उजेडाचं एक चौकोनी अंथरूण पडलं होतं. मुंजाजी त्याच्यात बसला. 'मला वाटलं, झालं तुमचं.' चुलीपुढं बसलेली ती पाठ त्याला दिसली. दिवसभर तो बोलत होता आणि ती ऐकत होती. तो बोलतोय म्हणजे आहे, जिवंत आहे, एवढ्यावरच कदाचित तिचं भागत असेल.

मग तो उठून म्हणाला, "फळी लाव."

"आता काय राहिलंय?"

"वरची वेटोळी गेली. आतली घट्ट असती, थोडी वाचली असंल. लाव. आन् बोल."

"काय बोलू?"

"दिसंल ते."

अंधार पुन्हा आला. वरून खाकरण्याचा आवाज आला. मग सर्जेराव सभेत बोलतो तसा बोलायला लागला. "वडाखाली चार मानसं बसल्याली हायेत. गीताबाई वाळवण घालायलीय. शिवेच्या अंगाला धूळ उठलीय, यस्टी आली वाटतं."

"हूं."

"अजून काय सांगू दादा? गाव तेच हाय."

"हूं."

मुंजाजीनं जळलेली वेटोळी अंदाजानं तोडून टाकली आणि उरलेली भरली. थोड्याच डब्या झाल्या. त्या सराईत तो चार-दोन लग्नांना गेला. फोटोंच्या कडांना करडी झाक होती. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "उजेड लागलाय." डब्या संपल्या तशी बळदात जवारी ओतली गेली. तो माळवदावर उभा राहून बघत होता. आधी दाणे तळावर वाजत होते. मग दाण्यांवर दाणे पडायला लागले आणि आवाज दबत दबत गेला. खुंट्या बुडाल्या.

पावसाळ्यात तो गोदामाच्या राखणीला लागला. दुपारी पोत्यांच्या थप्प्यांमध्ये अंधार असतो, तिथं तो पाठ टेकून बसायचा. समोर कुणी नसताना मध्येच 'हूं' म्हणायचा. पोती वाहणारा धोंडीराम हमाल नवा होता तेव्हा दचकून थांबायचा.

"काय म्हनलाव, भाऊ?"

"काय न्हाई. तू चल."

पुढं धोंडीरामला सवय झाली. मुंजाजी बराच वेळ गप्प राहिला की तोच पोत्याखालून हाक द्यायचा, "हायेत का, भाऊ?" आणि थप्पीआडून उत्तर येईपर्यंत पोतं खांद्यावर घेऊन उभा राहायचा.